यकृताचे जुनाट विकार आणि मेंदू : हानी व पुनर्लाभ

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या वाटेवर आडुतुरै हे गाव आहे. कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातासाठी हा सारा मुलूख प्रसिद्ध असून, १९२२ साली येथे स्थापन झालेल्या भातसंशोधन केंद्रामुळे गावाचे नाव शेतकीशास्त्राच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. तंजावरच्या भोसले घराण्यामुळे मराठी वाचकालाही हा प्रदेश सर्वस्वी परका वाटू नये.

या भागातील एका मध्यम वयाच्या शेतकऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. हे चित्र कोणा एका व्यक्तीचे नव्हे. अशा रोग्यांत वारंवार आढळणाऱ्या लक्षणांची ती जुळणी होय. काही वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली होती. अलीकडे पायांवर सूज येते, पोट फुगलेले दिसते, दंड मात्र वाळत चालले आहेत. तशात तो दिवसा झोपू लागतो व रात्रभर जागा राहतो. भाताची पोती मोजताना त्याची मोजणी चुकते. कॉफीत तो साखरेऐवजी मीठ घालतो, आणि चूक दाखविली असता रागावतो. सहकारी सोसायटीच्या कागदावर तो सही करतो तेव्हा कारकुनाला ती ओळखू येत नाही. शेवटी एके दिवशी पुढे केलेले त्याचे हात पाखराच्या पंखांप्रमाणे फडफडू लागतात आणि बायकोमुलांची नावे त्याला आठवेनाशी होतात.

घरातील माणसे याचा अर्थ आपापल्या परीने लावतात. कोणी म्हणते, वय झाले. कोणी म्हणते, दारूने डोके बिघडले. कोणाला बाहेरची बाधा वाटते. आडुतुरैहून जवळच तिरुभुवनम येथे कंपहरेश्वराचे चोलकालीन मंदिर आहे. कंप हरण करणारा तो कंपहर, असा या नावाचा अर्थ असून, पिशाचबाधेने थरथर कापणाऱ्या एका राजाला येथे मुक्ती मिळाली अशी कथा सांगतात. कंप आणि चित्तभ्रम एकत्र दिसले की त्यामागे काही तरी गूढ असले पाहिजे, ही समजूत किती जुनी आहे ते यावरून ध्यानात येते. श्रद्धेचे स्थान श्रद्धेला असो; परंतु वरील शेतकऱ्याच्या बाबतीत कंपाचे मूळ त्याच्या मेंदूतही नाही, ते त्याच्या पोटात उजव्या बरगड्यांखाली आहे. त्याचे यकृत निकामी होत आले आहे. हे वेळीच ओळखले गेले तर तो पुन्हा शुद्धीवर येऊन बायकोमुलांना नावाने हाक मारण्याचा बराच संभव असतो. ओळखले न गेल्यास त्याच अवस्थेत त्याचा अंत होऊ शकतो. म्हणूनच या विषयाचे ज्ञान केवळ वैद्यांपुरते राहू नये.

यकृताची पहारेकऱ्याची भूमिका

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे सव्वा ते दीड किलोग्रॅम वजनाचे असते. दर मिनिटाला त्यातून जवळजवळ दीड लिटर रक्त वाहते. या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग हृदयाकडून थेट येत नाही. तो आतड्यांतून व प्लीहेतून फिरून प्रवेशिका नीला नावाच्या वाहिनीने यकृतात शिरतो. आतड्यांत शोषले गेलेले अन्नांश, औषधे आणि तेथील असंख्य जंतूंनी निर्माण केलेली द्रव्ये यांना शरीरात सर्वत्र पसरण्यापूर्वी प्रथम यकृताच्या नाक्यावरून जावे लागते. तेथे उपयुक्त पदार्थांचा साठा होतो आणि घातक पदार्थांचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर होते.

या घातक पदार्थांत अमोनिया हा प्रमुख होय. प्रथिनांच्या विघटनातून तो सतत निर्माण होत असतो. निरोगी यकृत त्याचे यूरियात रूपांतर करते आणि हा यूरिया मूत्रावाटे बाहेर पडतो. ही क्रिया चक्राकार पायऱ्यांनी कशी घडते, हे हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्सेलाइट या शास्त्रज्ञांनी १९३२ साली उलगडून दाखविले.

दीर्घकाळ चाललेला कावीळ-ब किंवा कावीळ-क या विषाणूंचा संसर्ग, अतिमद्यपान, तसेच स्थूलता व मधुमेह यांच्याबरोबर यकृतात साठणारी चरबी, या कारणांनी यकृताच्या पेशी वर्षानुवर्षे मरत राहतात. त्यांच्या जागी चिवट तंतूंचे जाळे तयार होते आणि उरलेल्या पेशींच्या गाठी बनतात. या अवस्थेला यकृताचे सूत्रण किंवा सिरोसिस म्हणतात. सूत्रण झालेल्या यकृतापासून दुहेरी अपाय होतो. एक तर काम करणाऱ्या पेशी कमी पडतात. दुसरे असे की, कठीण झालेल्या यकृतातून रक्ताला वाट मिळत नाही. ते तुंबते आणि अन्ननलिकेजवळील व इतर ठिकाणच्या नीलांच्या आडवाटांनी यकृताला वळसा घालून सरळ सर्व शरीरात जाते. नाका चुकवून गेलेल्या या रक्तात अमोनिया तसाच असतो, आणि ते मेंदूपर्यंत पोहोचते.

अमोनियावरील आरोप कसा सिद्ध झाला

या ज्ञानाचा आरंभ प्राण्यांवरील प्रयोगांत आहे. १८७७ साली रशियात निकोलाय एक याने कुत्र्याची प्रवेशिका नीला शस्त्रक्रियेने दुसऱ्या मोठ्या नीलेला जोडून यकृताला वळसा घालणारा मार्ग तयार केला. पुढे १८९३ साली पीटर्सबर्ग येथे नेन्की, पाव्हलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांचा बारकाईने अभ्यास केला. मांस खाऊ घातले असता ही कुत्री चिडखोर होत, त्यांची चाल झोकांड्या खाऊ लागे, त्यांना दिसेनासे होई आणि अखेर ती बेशुद्ध पडत. आहाराचा व मेंदूचा असा थेट संबंध प्रथमच दृष्टीस पडला.

माणसाच्या बाबतीतील पुरावा १९५२ साली बॉस्टन येथे मिळाला. सूत्रणाच्या काही रोग्यांना अंगावरील पाणी कमी व्हावे म्हणून नत्रयुक्त द्रव्ये देण्यात आली होती. त्यांच्या मनावर ग्लानी आली, हात फडफडू लागले. द्रव्ये बंद करताच ही लक्षणे ओसरली. १९५४ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील शीला शेरलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि आतड्यांतील नत्रयुक्त द्रव्ये यकृताला चुकवून मेंदूपर्यंत जातात ही उपपत्ती मांडली. कारण दूर केले असता मन पुन्हा ताळ्यावर येते, ही गोष्ट या दोन्ही ठिकाणच्या निरीक्षणांत सारखीच आढळली. सर्व उपचारांची आशा तीवरच आधारलेली आहे.

मेंदूत नेमके काय घडते

मेंदूत यूरिया तयार करण्याची पूर्ण यंत्रणा नाही. तेथे अमोनियाचा निचरा करण्याचे काम मज्जापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींकडे असते. त्या अमोनिया व ग्लुटामेट यांच्या संयोगातून ग्लुटामीन बनवितात. अमोनिया फार झाला की ग्लुटामीनही फार साठते, ते पाणी ओढून घेते आणि ताराकृती पेशी किंचित सुजतात. शरीरात कोठे जंतुसंसर्ग असेल तर त्यातून उत्पन्न होणारी दाहकारक द्रव्ये ही सूज अधिक घातक करतात. सुजलेल्या आधारपेशी मज्जापेशींमधील संदेशांची देवघेव बिघडवितात. त्यामुळे विचार मंदावतो, झोपेचे चक्र उलटते, स्नायूंवरील ताबा क्षणोक्षणी सुटतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. पक्षाघातात रक्ताचा पुरवठा तुटलेला मेंदूचा भाग मरतो. यकृताच्या विकारातील चित्तभ्रमात बहुधा तसे घडत नाही. विहिरीच्या पाण्यात गाळ आला म्हणजे पाणी आटले असे होत नाही; गाळ बसला की ते पुन्हा निवळते. येथेही मज्जापेशी बव्हंशी जिवंत असतात, फक्त त्यांचे कार्य गढुळलेले असते. पुनर्लाभ शक्य होतो तो याच कारणाने.

लक्षणांच्या पायऱ्या

वैद्यकात या विकाराच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत झोपेचा क्रम बदलतो, लक्ष टिकत नाही, बेरीज-वजाबाकी अवघड जाते, स्वभाव लहरी होतो. दुसरीत सुस्ती येते, वार व तारीख यांचे भान सुटते, वागणे विक्षिप्त होते आणि हातांची फडफड स्पष्ट दिसते. तिसरीत रोगी बहुतेक वेळ झोपलेला असतो. हाक मारली तर जागा होतो, पण स्थळाचे भान त्याला नसते. चौथी पायरी म्हणजे पूर्ण बेशुद्धी.

या चारही पायऱ्यांच्या आधीची एक सूक्ष्म अवस्था आहे. तीत माणूस वरवर ठीक दिसतो. परंतु वाहन चालविणे, हिशेब ठेवणे, यंत्रावर काम करणे यांत तो चुकू लागतो. ती ओळखण्यासाठी कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने जोडावयास सांगण्याची एक चाचणी आहे. अक्षरओळख नसलेल्या रोग्याचे काय करावयाचे, हा प्रश्न भारतात साहजिकच उपस्थित झाला. तेव्हा लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील राधा कृष्ण धीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांऐवजी आकृत्या जोडण्याची चाचणी तयार करून १९९५ साली प्रसिद्ध केली. निरक्षर शेतकऱ्याच्या मेंदूचीही परीक्षा आता साक्षराइतकीच सहज घेता येते.

घरच्या माणसांना याहून सोपा उपाय उपलब्ध आहे. रोज एका वहीत रोग्याची सही घ्यावी, किंवा त्याच्याकडून एक चांदणी काढवून घ्यावी. वैद्यांनीही ही पद्धत पूर्वीपासून वापरली आहे. सही बिघडू लागली की रोग वाढतो आहे असे समजावे. ती सुधारू लागली की उपचार लागू पडत आहे असे मानावे. डोळे पिवळे असलेच पाहिजेत असा मात्र नियम नाही. काविळीवाचूनही हा विकार होऊ शकतो.

निमित्त शोधणे हाच अर्धा उपचार

सूत्रण वर्षानुवर्षांचे असले, तरी चित्तभ्रमाचा झटका बहुधा एखाद्या ताज्या निमित्ताने येतो. बद्धकोष्ठता; जठरात किंवा अन्ननलिकेत झालेला रक्तस्राव, ज्यामुळे काळे शौच होते; पोटातील पाण्याला, फुप्फुसाला वा मूत्रमार्गाला झालेला जंतुसंसर्ग; जुलाब-वांत्यांनी किंवा लघवी वाढविणाऱ्या औषधांच्या अतिरेकाने शरीरातील पाणी व क्षार कमी होणे; झोपेच्या गोळ्या; आणि पुन्हा सुरू केलेले मद्यपान, ही ती नेहमीची निमित्ते होत. रात्री झोप येत नाही म्हणून घरच्यांनी सद्भावनेने दिलेली एक गोळी रोग्याला बेशुद्धीकडे लोटू शकते, हे विसरता कामा नये.

यकृताच्या रोग्याला झालेला प्रत्येक भ्रम यकृतामुळेच असतो असेही नव्हे. रक्तातील साखर वा सोडियम कमी होणे, डोक्याला मार लागून आत रक्त साचणे, मद्यपी माणसात ब१ जीवनसत्त्वाचा अभाव असणे, ही कारणेही तपासावी लागतात. म्हणून गोंधळलेल्या रोग्याला घरी ठेवून वाट पाहू नये. त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

औषधोपचार

१९६६ साली स्वित्झर्लंडमधील बिर्खर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅक्टुलोज या कृत्रिम शर्करेचा या विकारावर प्रथम उपयोग केला. ही शर्करा लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जंतू तिच्यापासून आम्ले बनवितात. आम्ल वातावरणात अमोनियाचे असे रूप होते की ते रक्तात सहज शिरू शकत नाही, आणि शौचावाटे निघून जाते. दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच होईल इतकीच मात्रा ठेवावयाची असते. ती फार झाल्यास जुलाबाने शरीर कोरडे पडते आणि विकार उलट बळावतो.

झटका बरा झाल्यावर औषध बंद करावे की चालू ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयातील अभ्यासाने २००९ साली दिले. लॅक्टुलोज चालू ठेवलेल्या ६१ रोग्यांपैकी १२ जणांना पुन्हा झटका आला. न घेणाऱ्या ६४ पैकी ३० जणांना तो आला. रिफॅक्सिमिन नावाचे, आतड्यातच राहून काम करणारे एक प्रतिजैविक आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्यामुळे सहा महिन्यांतील पुनरावृत्तीचे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. त्याच पंत रुग्णालयात २०१३ साली असे दिसले की, दोन्ही औषधे एकत्र दिलेल्या रोग्यांपैकी ७६ टक्के पूर्णपणे शुद्धीवर आले, तर एकट्या लॅक्टुलोजने हे प्रमाण सुमारे ५१ टक्के राहिले.

झाडपाल्याविषयीही येथे सांगणे अवश्य आहे. तमिळनाडूत काविळीवर कीळानेल्ली, म्हणजे आपली भुईआवळी, देण्याची रूढी आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी या वनस्पतीमुळे कावीळ-ब विषाणूच्या अनेक वाहकांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाल्याचे प्रसिद्ध केले, आणि जगभर आशा उत्पन्न झाली. पुढील चाचण्यांत मात्र तो परिणाम पुन्हा आढळला नाही. काविळीच्या साध्या रोग्याला पाल्याने वाटणारा आराम आणि सूत्रणाच्या रोग्याचा जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाल्यावर विसंबून गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

आहाराविषयीचा जुना गैरसमज

अमोनिया प्रथिनांतून होतो, म्हणून रोग्याची प्रथिनेच तोडावीत, असा विचार पूर्वी रूढ होता. डाळ, दूध, दही सारे बंद करून रोग्याला पेजेवर ठेवीत. २००४ साली स्पेनमधील कोर्दोबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, नेहमीइतकी प्रथिने दिल्याने झटक्यातील रोग्याचे नुकसान होत नाही. उलट, ती तोडल्याने शरीरातील प्रथिनांचा ऱ्हास वाढतो. याचे कारण असे की, स्नायूदेखील अमोनियाचा निचरा करतात. रोग्याचे दंड वाळले म्हणजे यकृताचा एक मदतनीस गेला. म्हणून आज दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने देण्याची शिफारस केली जाते. डाळी व दुधाची प्रथिने मांसातील प्रथिनांपेक्षा अशा रोग्यांना अधिक मानवतात.

कावेरीकाठच्या घरातील इडली-सांबार, दहीभात आणि डाळ-भाजी ही त्यामुळे पथ्याच्या आड येत नाहीत. पायावर सूज असेल तर मीठ मात्र कमी करावे लागते. लांब उपवास टाळावेत. निजण्यापूर्वी थोडे खाणे हितकर असते. कारण यकृतातील साठा अल्प असल्याने एका रात्रीच्या उपवासातही शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते.

दुसरा मार्ग : तांबे

यकृताच्या विकारातून मेंदूला पोहोचणारे दुसरे विष म्हणजे तांबे. अन्नातील जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. काही मुलांत जन्मतःच ही शक्ती नसते. तांबे प्रथम यकृतात साठते आणि मग सांडून मेंदूच्या गाभ्यातील केंद्रांत शिरते. लहानपणी कावीळ, आणि किशोरवयात किंवा तारुण्यात कंप, बोबडे बोलणे, ताठरलेले हातपाय, बिघडलेले अक्षर, बदललेला स्वभाव, असा या रोगाचा क्रम असतो. डोळ्यांच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे दिसते. किनियर विल्सन या इंग्लंडमधील मज्जातज्ज्ञाने १९१२ साली या रोगाचे वर्णन केले, तेव्हा तो असाध्य होता. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामिन हे तांबे बांधून मूत्रावाटे बाहेर नेणारे औषध पुढे आणले. रोग्याला देण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले होते. पुढे ट्रायेंटिन व जस्ताची लवणे यांची भर पडली. रोगास कारण असलेले जनुक १९९३ साली सापडले.

आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा रोग होतो. म्हणून नात्यातील विवाह जेथे रूढ आहेत तेथे तो अधिक संभवतो. मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रातही अपरिचित नाही. तमिळनाडूत मामा-भाचीचे विवाहही होत आले आहेत. एका मुलाला हा रोग निघाला तर त्याच्या प्रत्येक भावंडाला तो असण्याचा संभव चारात एक असतो, आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच औषध सुरू केले तर मेंदूची हानी टाळता येते. मुंबईच्या दस्तूर, मंघानी व वाडिया यांनी १९६८ साली भारतातील सोळा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २००७ साली तीन दशकांतील २८२ रोग्यांचा वृत्तान्त मांडला. या रोग्यांतील सुधारणा सावकाश, महिन्यामहिन्यांनी आणि कधी वर्षांनी होते. औषधाच्या आरंभी काहींची लक्षणे थोडी वाढतातही. औषध जन्मभर घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून ते सोडणे प्राणघातक ठरू शकते.

पितळेची भांडी आणि पुण्यातील शोध

कुंभकोणम हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेले आहे. तेव्हा विल्सनचा रोग भांड्यांमुळे होतो काय, अशी शंका येणे साहजिक आहे. तसे नाही, तो जन्मजात दोष होय. परंतु भारतीय बालकांतील यकृतसूत्रण नावाचा एक वेगळा रोग होता. दोन-तीन वर्षांच्या आतील मुलांचे यकृत त्यात दगडासारखे होई आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८३ साली असे दाखविले की, या मुलांना अगदी लहानपणीच वरचे दूध सुरू झालेले असे, आणि ते पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापविलेले व ठेवलेले असे. दुधातील प्रथिने भांड्याचे तांबे उचलीत. भांडी बदलली, स्तनपानाचा प्रसार झाला, आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. वेळेवर पेनिसिलामिन मिळालेली काही मुले वाचलीही. यकृताचा रोग मुळाशी थांबविता आला की मेंदूपर्यंत जाण्याचा त्याचा प्रश्नच उरत नाही.

पुनर्लाभाच्या मर्यादा

सर्वच हानी भरून निघते असे समजणे चुकीचे होईल. चित्तभ्रमाचे झटके पुन्हा पुन्हा आले तर शुद्धीवर आल्यानंतरही स्मरण व लक्ष यांत थोडी उणीव राहू शकते. काही रोग्यांत मँगनीज हा धातू मेंदूच्या गाभ्यात साठून हालचाली मंद व ताठर होतात. काहींचे पाय हळूहळू लुळे व ताठ होत जातात. या दोन अवस्थांवर लॅक्टुलोज फारसे उपयोगी पडत नाही. यकृतरोपणाने त्यांतील काही रोग्यांना गुण येतो; विशेषतः पाय ताठरण्याचा विकार फार जुना होण्यापूर्वी रोपण झाल्यास आशा अधिक असते.

भारतात अवयवरोपणाचा कायदा १९९४ साली झाला, आणि यकृतरोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९९८ साली दिल्लीत झाली. तो रोगी तमिळनाडूतील कांचीपुरमचा, दोन वर्षांच्याही आतील बालक होता. त्यानंतर चेन्नईच्या शासकीय स्टॅन्ली रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया होऊ लागली. तथापि रोपण हा सर्वांच्या आटोक्यातील उपाय नव्हे. त्याहून स्वस्त उपाय आधी हाती आहेत. कावीळ-ब ची लस २०११ पासून देशभरातील बालकांना देण्यात येऊ लागली. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात कावीळ-ब व कावीळ-क यांची तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य ठेवण्यात आली. कावीळ-क तर काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरी होते. मद्य सोडल्याने सूत्रणाच्या रोग्याचेही आयुष्य वाढते.

आता पुन्हा आडुतुरैच्या त्या शेतकऱ्याकडे वळू. त्याला शुद्ध हरपण्यापूर्वीच कुंभकोणमच्या किंवा तंजावरच्या रुग्णालयात नेले, बद्धकोष्ठता दूर केली, जंतुसंसर्ग असल्यास त्यावर औषध दिले, लॅक्टुलोज सुरू केले, तर पुष्कळदा थोड्याच दिवसांत तो मुलांना नावाने हाक मारू लागतो. त्याचे यकृत पूर्ववत झाले असा याचा अर्थ नाही. तो रोगी अजून आजारीच आहे, आणि त्याला यापुढे औषध, पथ्य व देखरेख यांची गरज राहणार आहे. परंतु भ्रमिष्ट म्हणून ज्याच्यापासून घर दूर सरले होते, तो माणूस घराला परत मिळालेला असतो. यकृताच्या रोग्याचे वागणे बदलले की त्याला दोष देऊ नये, त्याची वाट पाहू नये, त्याला वैद्याकडे न्यावे. या विषयाच्या अभ्यासातून घरोघर पोहोचावयाची गोष्ट ती हीच.